ओटीपोटातील रक्तवाहिन्या : पुस्तकातले चित्र आणि प्रत्यक्ष देह

यंदाच्या स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख द्यावा असा मंडळाच्या कार्यकारिणीचा आम्हां दोघांस आग्रह झाला, तेव्हा रक्तदाब किंवा मधुमेह असा नेहमीचा विषय आमच्या मनात होता. परंतु विहाराच्या सभागृहात भरलेल्या आरोग्य शिबिरात एक प्रसंग घडला आणि विषय आपोआप ठरला. आम्हां दोघांपैकी एकजण वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवितो, तर दुसरी प्रसूतिगृहात काम करते. त्यामुळे त्या दिवशी विचारलेला प्रश्न आम्हां दोघांच्याही वाट्याला आला.

बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी, कडेवर चार महिन्यांचे बाळ, सोबत सासूबाई. मुलीच्या हातात एका रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड होते. बाळंतपणानंतर तिला अतिशय रक्तस्राव झाला, पोट उघडून रक्तवाहिन्या बांधाव्या लागल्या, सहा बाटल्या रक्त चढवावे लागले, परंतु जीव वाचला आणि गर्भाशयही वाचले. ज्या डॉक्टरांनी हे केले त्यांनी ते उत्तम केले, यात शंका नाही. कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा की, उजव्या बाजूची गर्भाशयाची धमनी नेहमीच्या ठिकाणी आढळली नाही. ही ओळ कोणीतरी घाईघाईत घरच्यांना सांगताना "हिची नस चुकीच्या जागी आहे" असे सांगितले होते. त्या 'चुकीच्या' या एका शब्दाने चार महिने त्या घरात काय काय केले असेल, ते सासूबाईंच्या बोलण्यावरून कळले.

"डॉक्टर, खरं काय ते सांगा. पोरीत खोट हाय म्हनं जन्मापासून. मग आमाला आधी का न्हाई सांगितलं हिच्या आईबापानं?"

मुलगी मान खाली घालून बाळाच्या टोपीची नाडी बांधत होती. आम्ही त्यांना बसविले आणि दहा मिनिटांत जमेल तेवढे सांगितले. जे तेव्हा सांगता आले नाही ते येथे सविस्तर मांडत आहोत.

प्रथम नकाशा पाहू. हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून पोटात उतरते आणि कंबरेच्या चौथ्या मणक्यासमोर, म्हणजे साधारणपणे बेंबीच्या पातळीवर, तिचे दोन फाटे होतात. प्रत्येक फाटा चार-पाच सेंटीमीटर खाली जाऊन पुन्हा दुभंगतो. बाहेरचा फाटा मांडीकडे जातो आणि संपूर्ण पायाला रक्त देतो. आतला फाटा ओटीपोटाच्या हाडांच्या कढईत उतरतो. याला आपण आतली श्रोणिधमनी म्हणू. ही धमनी जेमतेम चार सेंटीमीटर लांब असते. तिचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग होतात. मागच्या भागाच्या फांद्या कंबर, माकडहाडाच्या वरचा भाग आणि ढुंगणाचे स्नायू यांना जातात. पुढच्या भागातून गर्भाशय, योनिमार्ग, मूत्राशय, गुदाशय आणि बाह्य जननेंद्रिये यांना रक्त मिळते.

आपल्यापैकी पुष्कळांचा गावाकडच्या शेतीशी संबंध आहे, म्हणून पाटबंधाऱ्याचे उदाहरण घेऊ. मुख्य कालवा, त्यातून वितरिका, वितरिकेतून चारी आणि चारीतून शेतातला पाट. वरून खाली येताना कालवा ठरल्या जागी असतो. परंतु चाऱ्या कोठून काढायच्या हे जमिनीच्या उतारावर ठरते. एका गावात दोन शेतांना एकच चारी असते, दुसऱ्या गावात प्रत्येकाची निराळी असते. पाणी मात्र दोन्हीकडे पोहोचते. ओटीपोटातही असेच आहे. महाधमनी आणि तिचे पहिले फाटे बहुतेकांत ठरलेले, परंतु त्यापुढच्या चाऱ्या कोठून फुटतील हे प्रत्येकात निराळे. इतकेच काय, एकाच स्त्रीची उजवी बाजू आणि डावी बाजू सारखी असेलच असे नाही.

आता गर्भाशयाकडे वळू. गरोदर नसताना ते एखाद्या लहान पेरूएवढे असते. त्याला रक्त देणाऱ्या मुख्य धमन्या दोन, उजवी आणि डावी गर्भाशय-धमनी. प्रत्येक धमनी आतल्या श्रोणिधमनीच्या पुढच्या भागातून निघते, ओटीपोटाच्या तळाशी आडवी सरकत गर्भाशयाच्या मुखापाशी येते आणि तेथून गर्भाशयाच्या कडेने वर चढते. चढताना ती दोरीला पीळ द्यावा तशी वळ्यावळ्यांची असते. गर्भाशय वाढले की या वळ्या उलगडतात. धमनी ताणून तुटत नाही. वर पोहोचल्यावर ती बीजकोशाच्या धमनीला जाऊन मिळते. म्हणजे गर्भाशयाला खालून आणि वरून असे दोन बाजूंनी रक्त मिळते.

ही बीजकोशाची धमनी फार लांबून येते. ती ओटीपोटात उगमच पावत नाही. मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या जरा खाली, थेट महाधमनीतून निघून ती एवढी वाट चालून खाली येते. याचे कारण गर्भावस्थेत आहे. बीजकोश मुळात पोटाच्या मागच्या भिंतीवर, मूत्रपिंडांच्या शेजारी तयार होतात आणि मग खाली सरकतात. सरकताना आपली धमनी सोबत घेऊन येतात. माणूस मुंबईला राहावयास आला तरी रेशनकार्ड गावचेच राहावे, तसे काहीसे. काही स्त्रियांत ही धमनी महाधमनीऐवजी मूत्रपिंडाच्या धमनीतून निघते, तर काहींत एकाच बाजूला दोन असतात.

गर्भाशय-धमनीच्या वाटेवर एक जागा अशी आहे की जिच्यामुळे शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात सावध होतो. गर्भाशयाच्या मुखापासून साधारण दोन सेंटीमीटर बाजूला, मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी या धमनीच्या खालून जाते. विद्यार्थ्यांना हे 'पुलाखालचे पाणी' म्हणून शिकविले जाते. पूल म्हणजे धमनी, पाणी म्हणजे मूत्रवाहिनी. गर्भाशय काढताना धमनी चिमट्यात पकडून बांधावी लागते. पूल बांधताना खालचे पाणी अडले तर त्या बाजूचे मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ शकते. धमनी जर नेहमीपेक्षा निराळ्या जागेवरून येत असेल, किंवा एकीच्या जागी दोन असतील, तर पुलाची जागा बदलते. गाठीमुळे गर्भाशय एका बाजूला ढकलले गेले असेल तर पाण्याचीही बदलते.

हे वैविध्य येते कोठून? गर्भ काही आठवड्यांचा असताना तेथे एकेक ठसठशीत धमनी नसते, केसासारख्या बारीक वाहिन्यांचे जाळे असते. ज्या वाटेने रक्त अधिक वाहते ती वाट रुंद होते, बाकीच्या मिटतात. पावसाळ्यात माळावर प्रथम शंभर ओहळ वाहतात आणि पुढे त्यांतले दोन-चारच राहतात, तसा हा प्रकार. शिवाय ओटीपोटात एक विशेष घटना घडते. आईच्या पोटात असताना बाळाच्या आतल्या श्रोणिधमनीतले बहुतेक रक्त नाळेकडे, म्हणजे वारेकडे जात असते. बाळ जन्मले, नाळ कापली की हा सर्वांत मोठा मार्ग एकाएकी बंद पडतो. त्याचा पुढचा भाग वाळून दोरीसारखा होतो आणि जन्मभर पोटाच्या आतल्या भिंतीवर राहतो. कोणाची बेंबीची दोरी म्हणजे जुन्या वाटेची खूणच. अनुभवी सर्जन ही दोरी ओढून पाहतात आणि तिच्या मुळाशी गर्भाशय-धमनी शोधतात, कारण पुष्कळ स्त्रियांत दोघींचे मूळ जवळजवळ किंवा एकच असते. वाटा मिटणे, उरणे, मोठ्या होणे या साऱ्या खटाटोपात प्रत्येक देहात थोडा फरक पडणारच. यात आईने काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, याचा काडीचा संबंध नाही.

या फरकांची पद्धतशीर मोजदाद करणाऱ्यांत जपानमधील क्योतो येथील शरीररचनातज्ज्ञ बुन्तारो अदाची यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचा जपानी लोकांच्या धमन्यांवरील जर्मन भाषेतील ग्रंथ १९२८ साली प्रसिद्ध झाला. आतल्या श्रोणिधमनीच्या फांद्या कशा फुटतात यावरून त्यांनी पाच प्रकार पाडले आणि आजही जगभर तीच विभागणी वापरली जाते. त्यांतला पहिला प्रकार सर्वांत अधिक आढळतो, साधारण निम्म्याहून थोड्या अधिक देहांत. पुस्तकात जे चित्र छापतात ते या पहिल्या प्रकाराचे. म्हणजे उरलेले सगळे, जवळजवळ निम्मे लोक, त्या चित्रात बसत नाहीत! बहुमताचे चित्र छापावे हे ठीक. परंतु जो अल्पमतात आहे तो चुकीचा, असा अर्थ त्यातून कसा निघेल?

या ठिकाणी आमचे एक मत नोंदवून ठेवतो. अदाचींची विभागणी ढुंगणाच्या दोन धमन्या आणि बाह्य जननेंद्रियांकडे जाणारी धमनी अशा तिघींवर उभी आहे. या तिन्ही स्त्री आणि पुरुष दोघांतही असतात. गर्भाशय-धमनीचा त्या विभागणीत विचारच नाही. ग्रंथ थोर आहे, त्याचे मोल कमी होत नाही. पण जी धमनी बाळंतिणीचा जीव घेऊ शकते, तीच सर्वांत प्रसिद्ध वर्गीकरणातून बाहेर राहावी, हे आम्हांस शिकविताना दरवर्षी खटकते.

गर्भाशय-धमनीपुरते बोलावयाचे तर ती कधी आतल्या श्रोणिधमनीतून स्वतंत्रपणे निघते, कधी नाळेच्या जुन्या धमनीशी जोडीने, कधी योनिमार्गाच्या धमनीशी एकाच खोडातून, तर कधी ढुंगणाच्या खालच्या धमनीच्या अगदी मुळापासून. क्वचित एका बाजूला दोन असतात. क्वचित एका बाजूला ती नसतेच किंवा धाग्याएवढी बारीक असते, आणि तिचे काम बीजकोशाची किंवा योनिमार्गाची धमनी करते. गुदाशयाच्या मधल्या धमनीबद्दल तर न बोललेलेच बरे. ती काहींत एका बाजूला असते, काहींत दोन्ही बाजूंना, काहींत मुळीच नाही.

आणखी एक फरक सांगितलाच पाहिजे, कारण त्याचे नावच भयंकर आहे. मांडीच्या आतल्या बाजूस जाणारी एक धमनी साधारणपणे आतल्या श्रोणिधमनीतून निघते. परंतु साधारण पाचांपैकी एका बाजूला ती पोटाच्या भिंतीच्या धमनीतून, म्हणजे बाहेरच्या फाट्याच्या प्रदेशातून येते आणि जांघेच्या पुढच्या हाडावरून ओलांडून खाली उतरते. अमेरिकेतील पिक, ॲन्सन आणि ॲश्ले यांनी १९४२ साली केवळ या एका धमनीसाठी ६४० अर्धदेह तपासले होते. हाडावरून ओलांडणाऱ्या या वाहिनीला जुन्या शल्यविशारदांनी 'मृत्यूचा मुकुट' असे नाव दिले. जांघेच्या हाडाला अपघात झाला, किंवा लघवी न थांबण्याच्या तक्रारीवर शस्त्रक्रिया करताना, अगर गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गाठी काढताना ती तुटली, तर तिचे टोक आत ओढले जाते आणि रक्त थांबविणे कठीण होते. असे नाव ऐकून कोणी घाबरू नये. ज्याला ती तेथे असू शकते हे ठाऊक आहे, तो प्रथम शोधतो, बांधतो आणि मगच पुढे जातो.

आता जीवनमरणाच्या प्रश्नाकडे येऊ. एरवी गर्भाशयाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागते. नऊ महिने भरले की हेच प्रमाण मिनिटाला ५०० ते ७५० मिलिलिटरपर्यंत जाते. अंगात एकूण रक्त पाच-सहा लिटर. वार सुटल्यावर गर्भाशय आवळले नाही तर किती मिनिटांचा खेळ आहे, याचा हिशेब वाचकांनीच करावा. निसर्गाने सोय अशी केली आहे की गर्भाशयाचे स्नायू वाहिन्यांभोवती जाळ्यासारखे विणलेले आहेत. ते आवळले की वाहिन्या आपोआप दाबल्या जातात. बहुतेक बाळंतपणांत एवढे पुरते. पुरले नाही तर औषधे, चोळणे, आतून फुगा भरून दाब देणे हे उपाय आहेत. बांगला देशातील डॉ. सायेबा अख्तर यांनी साध्या निरोधचा फुगा करून हे काम स्वस्तात कसे होते ते २००३ साली प्रसिद्ध केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीने ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात हे दाखविले.

किती रक्त गेले हे डोळ्यांनी कळते असे सर्वांना वाटते, आणि तेथेच घात होतो. बेळगावच्या डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खुणा केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जमलेले रक्त मोजले, तेव्हा नजरेचा अंदाज त्याहून सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. घरी बाळंतीण आणल्यावर "थोडंसंच जातंय" असे म्हणणाऱ्या आजीबाईंनी हे ध्यानात घ्यावे.

सारे उपाय थकले तर पोट उघडून धमन्या बांधतात. आतली श्रोणिधमनी दोन्ही बाजूंनी बांधण्याचा मार्ग अमेरिकेतील हॉवर्ड केली यांनी १८९३-९४ च्या सुमारास दाखविला. त्यांचा रुग्ण कर्करोगाचा होता. पुढे फार वर्षे समजूत अशी होती की धमनी बांधली म्हणजे रक्त बंद. १९६० च्या दशकात बर्चेल यांनी प्रत्यक्ष मोजून पाहिले. दोन्ही बाजूंना बांधल्यावर नाडीचा धक्का सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाला, परंतु रक्ताचा प्रवाह मात्र निम्म्याच्या आसपास चालूच राहिला. धक्क्याने उसळणारे रक्त संथ वाहू लागते, म्हणून गुठळी धरते आणि स्राव थांबतो. उरलेला प्रवाह येतो तो आडवाटांनी. कंबरेच्या धमन्या, माकडहाडाजवळच्या धमन्या, गुदाशयाच्या वरच्या धमन्या आणि बीजकोशाच्या धमन्या, या सर्व ओटीपोटातील फांद्यांशी जोडलेल्या असतात. मुख्य वितरिका बंद केली तर शेजारच्या चारीचे पाणी उलट दिशेने येते. या आडवाटांमुळेच धमन्या बांधलेल्या स्त्रियांचे गर्भाशय जिवंत राहते, पाळी पुन्हा सुरू होते आणि पुढे मूलही झाल्याच्या नोंदी आहेत.

परंतु हीच आडवाट कधी वैरीण होते. एखाद्या स्त्रीत गर्भाशयाला येणारे बरेचसे रक्त बीजकोशाच्या धमनीतून येत असेल, तर खालच्या धमन्या नीट बांधूनही स्राव चालू राहतो. वरची वाट ज्याच्या ध्यानात असते, तो तिकडेही टाका घालतो. ज्याच्या नसते, तो केलेले काम पुन्हा तपासत बसतो आणि मिनिटे जातात. दुसरी भीती चुकीची धमनी बांधली जाण्याची. आतला आणि बाहेरचा फाटा शेजारीशेजारी असतात. रक्ताने भरलेल्या पोटात आतल्याऐवजी बाहेरचा बांधला गेला तर पाय जाऊ शकतो. म्हणून गाठ आवळण्यापूर्वी धमनी दाबून धरतात आणि पायाची नाडी लागते की नाही हे पाहतात. शस्त्रक्रिया चालू असताना चादरीखाली हात घालून पायाची नाडी बघणारी परिचारिका आम्ही कितीदा पाहिली आहे. तिचे नाव कोणत्याही कार्डावर लिहिले जात नाही.

अलीकडे दुसरा मार्ग आहे. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी घालून, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत गर्भाशय-धमनीपर्यंत जायचे आणि ती आतून बंद करायची. बाळंतपणातील रक्तस्रावासाठी हा उपाय १९७९ साली प्रथम नोंदला गेला आणि गर्भाशयातील गाठींसाठी पॅरिसच्या राव्हिना यांनी १९९५ साली. येथे तर धमनीचे मूळ कोठे आहे यावरच सगळे अवलंबून. काही स्त्रियांत गाठीला बीजकोशाच्या धमनीतूनही रक्त मिळते. ते ध्यानात न आल्यास गाठ पुन्हा वाढते. उलट, जोडवाट मोठी असेल तर बंद करण्यासाठी सोडलेले कण बीजकोशात जाऊन पाळी अकाली जाण्याचा धोका असतो. ही सोय अजून मोठ्या शहरांतच आहे, तालुक्याच्या ठिकाणी नाही.

बीजकोशाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. बीजकोशाला स्वतःच्या धमनीतून किती आणि गर्भाशय-धमनीच्या फांदीतून किती रक्त मिळते, हे प्रत्येक स्त्रीत निराळे असते. काहींत दोन्हींतून, काहींत मुख्यतः एकीतूनच. गर्भाशय काढले की ती दुसरी फांदी कापली जाते. बीजकोश तसेच ठेवले तरी पुष्कळ स्त्रियांची पाळी जाण्याची वेळ अलीकडे येते, याचे हे एक संभाव्य कारण मानले जाते. "पिशवीच काढतोय, बाकी काही नाही" असे सांगितले जाते तेव्हा हे सांगितले जात नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार भगिनींची २०१९ साली पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. पाळीत सुटी नाही, कामावर खाडा झाला तर दंड, म्हणून अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर पिशवी काढणे हा उपाय. ज्या आजारात गर्भाशय काढलेच पाहिजे तेथे जरूर काढावे, आम्हीही काढतो. परंतु तिशीच्या बाईची हाडे पुढे कोयता उचलतील की नाही हे ज्या रक्तपुरवठ्यावर अवलंबून आहे, तो तोडण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा तिला हक्क आहे.

हे सर्व ज्ञान कोणाच्या देहावरून मिळाले, हाही प्रश्न आहे. लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७७४ साली गरोदर गर्भाशयावरचा भव्य ग्रंथ काढला. त्यात ३४ मोठी चित्रे आहेत. वाहिन्यांत मेण भरून त्यांनी आईचे आणि बाळाचे रक्त वेगळे वाहते हे दाखविले. ज्या स्त्रियांचे देह त्या चित्रांत आहेत त्यांची नावे मात्र त्यात नाहीत. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई शरीररचना अधिनियमानुसार बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळतात. बेवारस म्हणजे बहुधा गरीब. फूटपाथवर, रेल्वेच्या फलाटावर गेलेला माणूस. त्यातही पुरुषांचे देह अधिक, स्त्रियांचे कमी. आमच्या विच्छेदन कक्षात एकेका वर्षी टेबलांवर पुरुषच पुरुष आणि स्त्रीदेह एखादाच, अशी स्थिती आम्ही पाहिली आहे. एका स्त्रीदेहावर तीन तुकड्यांचे विद्यार्थी वाकून गर्भाशय-धमनी पाहतात आणि त्या देहात ती पुस्तकाप्रमाणेच निघाली तर सर्वांची समजूत होते की ती अशीच असते. आता सी.टी. यंत्रावर जिवंत माणसाच्या धमन्या दिसतात, पुष्कळ फरक त्यातून नव्याने नोंदले जात आहेत. तरीही बोटांना जे कळते ते पडद्यावर कळत नाही. स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. अर्ज महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात विनामूल्य मिळतो. मात्र मृत्यूनंतर घरच्यांनी कळविले नाही तर तो अर्ज कपाटातच राहतो, म्हणून घरच्यांशी आधी बोलून ठेवावे. स्त्रियांनी हे विशेष मनावर घ्यावे असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला. देशात हे प्रमाण ९७ होते. आकडा पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली आला आहे, हे खरे. राहिलेल्या ३३ मध्ये रक्तस्राव हे अजूनही मोठे कारण आहे.

आता पुन्हा त्या मुलीकडे येऊ. आम्ही सासूबाईंना म्हणालो, "मावशी, तुमच्या सुनेत खोट नाही. हिची वाट निराळी आहे, एवढेच. डॉक्टरांनी ती हुडकली म्हणून हे बाळ आईजवळ आहे." मग कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही पेनाने गर्भाशयाचे चित्र काढले, उजवीकडे धमनी कोठे नाही आणि डावीकडे कोणती बांधली ते बाणाने दाखविले आणि खाली मराठीत लिहिले : पुढचे बाळंतपण रक्तपेढी व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच करावे, हे कार्ड पहिल्याच तपासणीला दाखवावे, पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी सर्जनला दाखवावे. मुलीच्या हिमोग्लोबिनची तपासणी केली, ते नऊ भरले. लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर लगेच चहा घेऊ नकोस असे सांगितले.

सासूबाई थोडा वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अन् माझी कशी असंल वो नस? माझी पाच बाळंतपनं घरीच झाली."

"ते कसे सांगणार, मावशी? उघडून पाहिल्याशिवाय आम्हांलाही कळत नाही."

"मंजी माझीबी येगळी असू शकती."

"असू शकते."

त्या हसल्या. मुलीच्या हातून बाळ आपल्याकडे घेतले आणि तिला म्हणाल्या, "ठेव गं ते कागद नीट, रेशनकार्डाच्या पिशवीत. घडी घालू नकोस त्याची."